कर्ता कुठे गेला?

प्रिय,

तुझ्या बातमीची कॉपी दोनदा वाचली. ‘कृष्णवर्णीय वस्ती वर्षानुवर्षं मागे पडत गेली’ हे वाक्य कानाला बरं वाटतं, पण त्यात कर्ताच नाही. वस्ती आपोआप मागे पडत नसते. कोणीतरी कर्ज नाकारलेलं असतं, कोणीतरी नकाशावर रेघ मारलेली असते.

अमेरिकेत ती अक्षरशः मारली होती. १९३०च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेनं दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे केले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात, म्हणजे कर्जासाठी ‘धोकादायक’. घरांच्या व्यवहारातला वर्णभेद १९६८च्या कायद्यानं बेकायदा ठरला खरा, पण मधल्या काळात ज्यांना घर घेता आलं नाही, त्यांच्या नातवंडांच्या हाती काय आलं? तुझी बातमी तिथे आहे.

कायद्यानंतर वीस वर्षांनी, १९८८मध्ये, बिल डेडमन या वार्ताहरानं अटलांटातल्या गृहकर्जांचे आकडे तपासले. ते उघड करणं बँकांना १९७५पासून बंधनकारकच होतं. सारख्या मिळकतीच्या वस्त्या शेजारी ठेवल्या, तर गोऱ्यांना पाचपट कर्जं! ‘हा वर्णाचा नाही, गरिबीचा प्रश्न आहे’ हे ठरलेलं उत्तर त्यानं तुलना करतानाच निकालात काढलं. कोणी शिवी दिल्याचं रेकॉर्डिंग त्याला लागलं नाही. आपण मात्र अजून शिवी देणाराच शोधत बसतो. तो सापडला की बातमी सोपी होते आणि बँकेची फाइल बंदच राहते.

कर्ता गाळण्यात सरकारी निवेदनं तरबेज असतात. मे २०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूनंतर अमेरिकेतल्या मिनियापोलिस पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ‘वैद्यकीय घटना’ होती, त्याच्या मानेवरचा पोलिसाचा गुडघा नव्हता. रस्त्यावर उभ्या एका मुलीनं मोबाइलवर चित्रीकरण केलं म्हणून तो दिसला. मीही डेडलाइनच्या घाईत अशी निवेदनं जशीच्या तशी छापली आहेत. किती, ते मोजायचं धाडस होत नाही.

‘दोन्ही बाजू’ घेतल्यास, ठीक. पण अधिकाऱ्याला आकडे विचारलेस आणि वस्तीतल्यांना फक्त ‘कसं वाटतं’. वस्तीतही हिशेब ठेवणारी माणसं असतात.

कॉपी परत पाठवतोय. तिसऱ्या परिच्छेदातल्या बाईंना पुन्हा फोन कर. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तू लिहिलंस. कर्ज नाकारल्याचं पत्र त्यांनी जपून ठेवलंय का, त्यावर कारण काय दिलंय, हे विचारायचं राहिलं.