मॅडम, तुम्ही काहीच सांगत नाही!

"पैसे भरून आम्ही यायचं आणि तुम्ही नुसतं ऐकणार? मग उपाय कोण सांगणार?" मी समुपदेशक आहे, त्यामुळे हा प्रश्न मला अधूनमधून येतोच. एका शिक्षिकेने तो तिसऱ्या भेटीत विचारला आणि मी घसरले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बाई चाळिशीच्या. आईला अर्धांगवायू, भाऊ बंगळुरूला. दिवसभर शाळा, रात्री आईचं सगळं. "आईला सहा महिने भावाकडे पाठवू की नको, एवढं सांगा." मी सांगून टाकलं, पाठवा आणि भावाशी स्पष्ट बोला.

पुढच्या वेळी त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. हातातल्या बसच्या तिकिटाची घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. "नाही जमलं हो बोलायला. तुम्हाला वाईट वाटेल, पण..."

घरी आईचं मन राखायचं, शाळेत मुख्याध्यापकांचं आणि आता माझंही! सल्ला देऊन मी त्यांच्यावर आणखी एक सासूच बसवली होती.

सल्ला न देता माणसाला स्वतःची वाट शोधू देणारं ते व्यक्तिकेंद्री समुपदेशन. त्याचे जनक, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनाही हे असंच, फटका खाऊन कळलं. अमेरिकेतल्या रॉचेस्टरला ते मुलांच्या केंद्रात काम करायचे. एका वांड मुलाच्या आईला तिचं काय चुकतंय ते त्यांनी बऱ्याच भेटींत पटवून पाहिलं. काही हाललं नाही, तेव्हा थांबायचं ठरलं. दारापाशी गेलेली बाई वळून म्हणाली, "इथे मोठ्या माणसांना बघता का?" परत येऊन बसली आणि स्वतःच्या संसाराचं बोलू लागली. कुठे दुखतंय ते तिला आधीपासून ठाऊक होतं.

मी म्हटलं, "चुकलं माझंच. मी घाई केली." समानुभूती, म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, आणि विनाअट स्वीकार यांच्या जोडीला रॉजर्स समुपदेशकाकडून सच्चेपणा मागतात, आणि मला तोच सगळ्यात जड जातो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या हलकेच म्हणाल्या, "आमची ताई शहाणी, तिला काही नको असतं."

आवाज आईचा होता. पाहुण्यांनी आणलेला खाऊ धाकट्याला देऊन टाकला की हे वाक्य बक्षीस मिळायचं. रॉजर्स यांच्या भाषेत ही लायकीची अट: काही मागितलं नाहीस तरच तू चांगली. अट अंगात मुरली की दमणंसुद्धा गुन्हा वाटू लागतं. खरी मी एकीकडे, असायला हवी ती मी दुसरीकडे, आणि या दोघींच्या ओढाताणीत बाईंची झोप उडाली होती.

"आईचा राग येतो तुम्हाला," मी म्हटलं.

"राग नाही. झोप हवी आहे." तिकीट पर्समध्ये गेलं.

माझा अंदाज चुकला, पण त्यांनी तो स्वतः दुरुस्त केला, याचा मला आनंदच झाला. जिवाला धोका दिसला तर मात्र मी अशी ऐकत बसत नाही. घरच्यांना, मानसोपचारतज्ज्ञांना लगेच सामील करून घेते.

आईला त्यांनी बंगळुरूला पाठवलं नाही. शनिवार-रविवार आया ठेवली आणि तिचा पगार भावाकडे लावून दिला. मला हे सुचलं नसतं. शनिवारी दुपारी त्या फोन बंद करून झोपतात. भाऊ अजून कुरकुरतो.