लादीच्या खालचं आधी बघा

मागच्या अंकात स्वयंपाकघराच्या ओट्याबद्दल लिहिलं होतं, आणि पत्रं आली ती सगळी बाथरूमची! त्यातली चार घेतलीयेत, पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, त्याला इलाज नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलुंडला आमचा वन बीएचके आहे, बिल्डिंग ३० वर्षं जुनी. संडास-बाथरूम एकत्र, ४ बाय ७ फूट. सगळं तोडून नवीन करायचंय. ह्यांना काचेचं पार्टिशन आणि भिंतीवर टांगलेला कमोड हवाय, २ बाय ४ च्या चकचकीत लाद्याही पसंत करून आलेत. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास, आंघोळ बादली-तांब्यानेच. सगळ्यांचं कसं जमवू?

४ बाय ७ म्हणजे मुंबईत ऐसपैसच म्हणायचं हो. माझं लहानपण मोरीत गेलं, आंघोळ, भांडी, धुणं सगळं त्या एका चौकोनात, पण त्या मोरीचा उतार असा होता की पाणी कधी थांबलं नाही. आता हजारोंच्या लाद्या लावतो आणि कोपऱ्यात डबकं.

लाद्यांचंच आधी बोलते कारण ही चूक मी स्वतः करून बसलेय. मोठी चकचकीत लादी जमिनीवर घातली, साबणाचं पाणी पडलं की पाय सरकायचा हे तर झालंच, पण दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, चारी बाजूंनी उतार द्यायचा तर लादी लहान लागते, मोठी लादी वळत नाही ना! मग गवंडी उतार कमी करून मोकळा होतो. माझ्याकडे कमोडच्या मागे बशीएवढं पाणी कायम साचायचं, दोन वर्षं रोज वायपर मारला आणि शेवटी फोडलं. तेव्हा जमिनीला १ बाय १ ची मॅट, अँटी-स्किड लादी घ्या, आणि ह्यांची चकचकीत लादी भिंतीला लावा म्हणजे त्यांचंही मन राहील. उतार ७ फुटाला साधारण एक इंच तरी हवा. गवंड्याला सांगा कोब्यावरच एक बादली ओतून दाखव, आणि लाद्या बसल्या की मुलांची काचेची गोटी सोडून बघा, ट्रॅपकडे गेली तर ठीक, मधेच थांबली तर त्याच दिवशी बोला, सिमेंट सुकल्यावर कोणी ऐकत नाही.

मांडणी अशी करा, दाराशी बेसिन, मधे कमोड, आणि खिडकीखाली आंघोळ. म्हणजे रात्री उठलेल्या माणसाला ओल्यात पाय टाकावा लागत नाही. ओल्या-कोरड्याच्या मधे उंच पट्टी मात्र नको, सासूबाई त्यालाच ठेचकाळतील, आंघोळीचा भाग अर्धा इंच खाली घेतला तरी पुरतं. काच? बादली-तांब्याच्या आंघोळीत काचेवर रोज साबणाचे ओघळ उठणार, ते पुसणार कोण हे आधी ह्यांच्याकडून ठरवून घ्या. पडदा लावा, धुता येतो, आणि आत कोणी पडलंच तर धरायला पटकन जाता येतं.

टांगलेला कमोड दिसायला छान, खालची जमीन एका हाताने पुसली जाते हेही खरं, पण त्याची टाकी आणि फ्रेम लपवायला भिंत पुढे घ्यावी लागते, तुमच्याकडे तेवढी जागा कुठे जास्तीची आहे? साधा जमिनीवरचा घ्या, फक्त दुकानात जायच्या आधी भिंतीपासून ड्रेनच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून न्या, कुठे ९ इंच असतं कुठे १२, आणि मोजताना नवी लादी आणि तिच्यामागचा मसाला धरायला विसरू नका, नाहीतर टाकी भिंतीत घुसते. सीट १७-१८ इंचाच्या उंचीवर येईल असा बघा, दुखऱ्या गुडघ्यांना बुटक्या कमोडवरून उठवत नाही.

आता सासूबाई. कमोडच्या जागी घरातली खुर्ची ठेवा, त्यांना बसवा आणि म्हणा उठा, हात आपोआप भिंतीवर जिथे टेकेल तिथे पेन्सिलने खूण करा. हँडल तिथेच लागलं पाहिजे, कॅटलॉगमधे दाखवलंय तिथे नाही. भिंत भक्कम विटेची हवी, स्क्रू लादीत नाही तर विटेत आत गेला पाहिजे, आणि टॉवेलच्या दांडीला धरून कोणी उठू नये, ती भार घेण्यासाठी नसतेच. आंघोळीला पाटाऐवजी रबरी पायांचं स्टूल द्या, आणि नळाची उंची ठरवताना त्यांची रोजची बादली साइटवर न्या, बादलीच्या कडेच्या वर एक वीत नळाचं तोंड राहू द्या, आणि बसल्याबसल्या चावी फिरवता येईल असं बघा. दार बाहेर उघडणारं करा. आत माणूस दाराशीच पडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही, हा प्रसंग माझ्या नात्यात घडलाय, म्हणून कळकळीने सांगतेय.

प्रश्न : बोरिवलीला टॉप फ्लोअरला राहतो. मोठा रेन शॉवर बसवला, पण पाणी नुसतं ठिबकतं. दुकानदार म्हणतो शॉवरमधे फॉल्ट नाही.

दुकानदार बरोबर बोलतोय. पाणी गच्चीच्या टाकीतून फक्त उंचीच्या जोरावर येतं, दर मीटर उंचीला ०.१ बार प्रेशर मिळतं. तुमचा शॉवर टाकीच्या खाली जेमतेम ३ मीटर असेल, म्हणजे ०.३ बार. खालच्या मजल्यावाल्याला उंचीचा फायदा मिळतो, तुम्हाला गच्चीतला उन्हाळा! घड्याळ लावून बघा, १० लिटरची बादली भरायला दोन मिनिटं लागली तर मिनिटाला ५ लिटर झाले, मोठ्या रेन शॉवरला त्याच्या दुप्पट तरी हवेत. लहान तोंडाचा हँड शॉवर लावा, बराच फरक पडेल. प्रेशर पंप बसवता येतो पण सोसायटीला विचारल्याशिवाय कॉमन लाइनवर नको, आणि पाणी काही तासच सोडत असतील तर तो पंप कोरडा फिरून जळेल.

प्रश्न : लालबागला बाथरूममधे गॅस गिझर लावावा का? खिडकी नाही, पण दाराला जाळी आहे.

नाही. बंद खोलीत जळणाऱ्या गॅसने कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. जाळी पुरत नाही. विजेचा घ्या, ३ किलोवॅटचा असेल तर तो १३ अँपियर खेचतो, त्यामुळे १६ अँपियरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय बटण दाबू नका.

प्रश्न : गिरगावात राहते. खालचे काका रोज येऊन म्हणतात तुमच्या बाथरूममधून आमच्या सीलिंगला ओल येते. आमच्याकडे तर सगळं कोरडं दिसतं. खर्च सोसायटीने करायला नको का?

तुमच्याकडे कोरडं दिसणारच, पाणी खाली गेलंय ना! पण फोडायच्या आधी शोध घ्या. ओल सतत, कोणी पाणी वापरत नसतानाही टपकत असेल तर बहुतेक नळाची पाइप गळतेय, रात्री घराचा मेन वॉल्व्ह बंद ठेवा आणि सकाळी काकांना विचारा. आंघोळीनंतरच टपकत असेल तर जमीन किंवा ड्रेन. नहाणी ट्रॅपच्या तोंडात फडकं कोंबा, दोन इंच पाणी भरून २४ तास सोडा, भिंतीवर पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवा, आणि त्या दिवशी आंघोळ शेजारी मागायची. पाणी भरलेलं असताना खाली ओल वाढली तर जमीन, नाही वाढली आणि फडकं काढून पाणी सोडल्यावर टपकलं तर ड्रेनची पाइप. जमीनच निघाली तर आधी लाद्यांच्या फटी खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून बघा, पुष्कळदा तेवढ्यात थांबतं, नाही थांबलं तर फोडणं आलंच. मग वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर निदान एक फूट चढवा, आंघोळीच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत, आणि लाद्या लावायच्या आधी ४८ तास पाणी भरून ठेवा. कंत्राटदार म्हणेल एका रात्रीत कळतं, त्याचं ऐकू नका.

खर्चाचं म्हणाल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-सिंकची गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते, बाहेरच्या पाइपचं मात्र सोसायटीचं. तेव्हा कमिटीशी भांडायच्या आधी ती फडक्याची टेस्ट करा, काकांनाही बोलवा, त्यांच्या समोरच पाणी भरा आणि चहा पाजा.