एकाच सीटीवरून सेन्सरला वीजही घ्यायची आणि करंटही मोजायचा, हे जमते का?

आपण विचारले आहे की, पॅनेलमधल्या केबलवर एकच सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे केबलभोवतीच्या कोअरवर तारेचे वेढे घेऊन केबलमधल्या करंटच्या प्रमाणात छोटा करंट देणारा भाग) बसवून त्यातूनच बिनतारी सेन्सर चालवता येईल का, त्याच सीटीने करंट मोजता येईल का आणि त्यासाठी कोणता सीटी घ्यावा. जमते, मात्र दोन्ही कामे एकाच क्षणी करून घेता येत नाहीत. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात नोकरीला असताना मी हे शिकलो आणि त्याची झळ एका द्राक्षबागायतदाराला बसली, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही कृषिपंपांसाठी बॅटरीविना चालणारा सेन्सर तयार केला होता. उघडून केबलवर अडकवायचा चुंबकीय कोअर, त्यावर 1000 वेढे (हीच सेकंडरी; मधून जाणारी केबल ही प्रायमरी), पुढे एसीचे डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, 3.3 व्होल्टपर्यंत भरणारा कपॅसिटर, आणि करंट मोजण्यासाठी सेकंडरीच्या वाटेतच 10 ओहमचा रेझिस्टर. कपॅसिटर भरला की दोन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंडरी शॉर्ट करीत. पंपाचा करंट 6 अँपिअरच्या खाली गेला की विहिरीतले पाणी संपले असे समजून स्टार्टर पाडायचा, एवढेच त्याचे काम. गोडी छाटणीनंतरच्या दिवसांत पिंपळगाव बसवंतजवळच्या एका बागायतदारांचा फोन आला : "साहेब, विहिरीला पाणी भरपूर आहे आणि तुमचं यंत्र म्हणतंय पाणी नाही." त्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज वीज रात्रीची होती आणि मध्यरात्री बंद पडलेला पंप सकाळपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नसे, त्यामुळे बागेच्या दोन रात्रींच्या पाळ्या बुडाल्या होत्या.

त्या रात्री मी त्यांच्या मोटारघरात क्लॅम्प मीटर लावून बसलो. 5 एचपीची मोटार, मीटरवर 7.3 अँपिअर, आकडा जागचा हलत नव्हता. आमचा सेन्सर मात्र काही वेळ 7.2 दाखवी, आणि रेडिओने संदेश पाठवून झाला की पुढची काही वाचने 5.6 पर्यंत उतरत, मग पुन्हा 7.2. दुसरे मीटर कपॅसिटरवर धरले तेव्हा उलगडा झाला : व्होल्टेज 3.3 ला टेकले की आकडा बरोबर येई, आणि संदेशात खर्च झालेला कपॅसिटर पुन्हा भरू लागला की आकडा पडे.

कारण सरळ आहे. सेकंडरी शॉर्ट असताना तिच्या टोकांवर 10 ओहममुळे 0.1 व्होल्टसुद्धा नसते. कपॅसिटर भरत असताना मात्र 3.3 व्होल्ट अधिक दोन डायोडांचे 1.4, म्हणजे 4.7 व्होल्ट उभे राहते. वाइंडिंगचा स्वतःचा रेझिस्टन्स धरला तरी कोअरमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) कित्येक पटींनी वाढतो, त्यासाठी लागणारा करंट, म्हणजे मॅग्नेटायझिंग करंट, प्रायमरीतूनच जातो आणि तेवढा भाग सेकंडरीत येतच नाही. उघडणाऱ्या कोअरमध्ये हवेची फट असल्यामुळे हा वाटा आणखी मोठा होतो. सीटीच्या पट्टीवर छापलेला अचूकतेचा क्लास हा नेमून दिलेल्या बर्डनपुरताच, म्हणजे सेकंडरीवर जोडलेल्या ठरावीक भारापुरताच असतो. पुढे रेक्टिफायर जोडल्यावर त्याचा आधार घेऊ नये.

मी सुचवलेला उपाय असा होता : कपॅसिटर पूर्ण भरेपर्यंत थांबावे, सेकंडरी शॉर्ट करावी, पहिली 5 आवर्तने, म्हणजे 100 मिलिसेकंद, सोडून द्यावीत, पुढची 10 आवर्तने मोजावीत आणि मगच संदेश पाठवावा. यासाठी एक पैशाचाही नवा भाग लागत नव्हता. आमच्या वरिष्ठांनी मात्र आकड्याला 1.3 ने गुणण्याचा आदेश दिला. मॅग्नेटायझिंग करंट प्रायमरी करंटच्या प्रमाणात बदलत नाही. तो कपॅसिटरच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो आणि कोअरचे दोन भाग किती घट्ट मिटले आहेत यानुसारही बदलतो. 7 अँपिअरला जुळवलेला गुणक 3 अँपिअरला खोटा ठरतो, आणि फटीत धूळ बसली की 7 लाही खोटा. शिवाय कपॅसिटर भरलेला असताना तोच गुणक 7.2 चे 9.4 करतो, म्हणजे विहीर खरोखर कोरडी पडली तरी पंप चालूच राहू शकतो. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले. तरी प्रोग्रॅममध्ये गुणकच घातला गेला, तक्रारी येत राहिल्या आणि मी वर्षभरात ती नोकरी सोडली. आजही माझे मत तेच आहे : मोजण्याची पद्धत चुकीची असेल तर प्रोग्रॅममध्ये गुणक घालणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

सीटी निवडताना हिशेब असा करा. 1000 वेढ्यांवर 10 अँपिअरला 10 मिलिअँपिअर मिळतात, रेक्टिफायरनंतर सरासरी 9, म्हणजे 3.3 व्होल्टला जेमतेम 30 मिलिवॉट, तेही मॅग्नेटायझिंगचा वाटा वजा होण्यापूर्वी. 1 अँपिअरला हे 3 मिलिवॉटवर येते आणि उघडणाऱ्या कोअरमध्ये कदाचित काहीच उरत नाही. केबल सोडवता येत असेल तर अखंड रिंग कोअरच घ्या.

आणखी दोन गोष्टी. वेल्डिंगसारखा क्षणोक्षणी बदलणारा भार असेल, किंवा युनिट मोजायचे असल्याने फेज अँगलही (व्होल्टेज आणि करंट यांच्या लहरींमधले अंतर) अचूक हवा असेल, तर आळीपाळीची ही पद्धत पुरत नाही. तिथे मोजण्याचा सीटी वेगळाच ठेवा. आणि मॉस्फेटचे ड्राइव्ह असे ठेवा की कपॅसिटर भरल्यावर किंवा प्रोग्रॅम अडकल्यावर सेकंडरी आपोआप शॉर्टच राहील, कारण प्रायमरीत करंट असताना ती उघडी पडली तर टोकांवर जीवघेणे व्होल्टेज येऊ शकते.