'ऐकून राहिलो' की 'ऐकत राहिलो'?

प्रश्न असा आहे: नागपुरातले जॅझचे शौकीन अमेरिकन पियानोवादक बिल एव्हान्सबद्दल एकमेकांना कळवतात, 'सध्या बिल एव्हान्स ऐकून राहिलो.' पुण्याचे मित्र त्याची दुरुस्ती करतात, 'ऐकत राहिलो म्हणा.' बरोबर कोणतं?

ही दुरुस्तीच चुकते, कारण तिने अर्थ बदलतो. 'ऐकत राहिलो' हा भूतकाळ आहे: रात्रभर ऐकत राहिलो, आता ते संपलं. नागपूरकराला सांगायचं असतं की रेकॉर्ड या क्षणी फिरते आहे, किंवा चार दिवसांपासून तीच चालू आहे. प्रमाण मराठीत त्याला 'ऐकतोय' किंवा 'ऐकत आहे' म्हणतात. दुरुस्ती करायचीच असेल तर ती करावी.

'ऐकून राहिलो'ची घडण हिंदीच्या 'सुन रहा हूँ'ला समांतर आहे. हिंदीत नुसता धातू येतो, इथे त्याला 'ऊन' लागतो. नागपूर १९५६पर्यंत आधी मध्यप्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि त्या प्रांतात हिंदी-मराठी शेजारी नांदत होत्या, त्यामुळे हे साम्य नवलाचं नाही. वऱ्हाडीतही 'करून रायलो' सर्रास चालतं. म्हणजे हा एखाद्याच्या लेखणीचा घसरलेला पाय नाही; या भागाचा पक्का चालू वर्तमानकाळ आहे.

पुण्याच्या वाचकाचा गोंधळ का होतो तेही उघड आहे. त्याच्या कानाला 'ऐकून' म्हणजे क्रिया पुरी झाली, 'जेवून निघालो'तल्यासारखी. त्यामुळे ऐकून झाल्यावर हा माणूस कुठे राहिला, असं त्याला वाटतं. त्यात 'राहणे'चा आणखी एक अर्थ आडवा येतो. 'दुसरी बाजू ऐकायची राहिली' म्हणजे ऐकलीच नाही. एकाच क्रियापदाने ऐकणं चालू आहे, चालू होतं आणि झालंच नाही, हे तिन्ही सांगता येतं. फरक करतं ते आधीचं रूप: ऐकून, ऐकत, ऐकायची. ते कधी गाळू नये.

शेवटचं अक्षर तर त्याहून जपावं. घाईत 'मी' गळतो आणि 'बिल एव्हान्स ऐकून राहिलो' उरतं. इथे 'लो'मुळे ऐकणारा मी आहे हे कळतं. 'बिल एव्हान्स ऐकून राहिला' लिहिलंत, तर एव्हान्स स्वतः ऐकतो आहे असा अर्थ होईल. २५ जून १९६१ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये झालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रणाबद्दल हे वाक्यही अगदी खरं ठरेल. तिथे पियानो मध्येच थांबून स्कॉट लाफारोच्या बासला जागा देतो, ड्रमवादक पॉल मोशनचे ब्रश दोघांच्या मधून फिरतात, आणि तिघंही वाजवता वाजवता एकमेकांना ऐकून राहिले आहेत हे स्पष्ट कळतं. मागे प्रेक्षकांच्या गप्पा आणि पेल्यांची किणकिणही आहे. त्या एका दिवसाच्या वादनातून दोन रेकॉर्डी निघाल्या, आणि लाफारो ६ जुलैला अपघातात गेला.

स्त्रिया नागपुरात 'मी ऐकून राहिली' म्हणतात, प्रमाण वळण 'राहिले'. बोलीत दोन्ही चालावीत.

या रूपाचा एक व्यावहारिक फायदा आहे. 'मी जॅझ' इथवर लिहिलं की भूतकाळात अडायला होतं: ऐकला, ऐकली की ऐकलं? भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, आणि जॅझचं लिंग अजून पक्कं झालेलं नाही. 'राहिलो' कर्त्याच्या मागे जातं, म्हणून 'मी जॅझ ऐकून राहिलो' बिनधोक. ('ऐकतोय'लाही हीच सोय आहे.) भूतकाळात लिहायचंच असेल तर नाम बदलावं: रेकॉर्ड ऐकली, अल्बम ऐकला, मुद्रण ऐकलं.

चालू काळ लिहिताना कोणती आवृत्ती चालू आहे तेही जोडा. नाहीतर दोघं एकच नाव घेऊन वेगळंच ऐकत असतात. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची पहिली बाजू २ मार्च १९५९ची. त्या दिवशी मुद्रणाचं यंत्र किंचित हळू फिरत होतं, म्हणून नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर स्वर चढा लागतो. ही चूक १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. जुनी तबकडी ऐकून राहिलेला माणूस 'माझा पियानो हिच्याशी जुळत नाही' म्हणाला, तर दोष पियानोचा नसेलही. २२ एप्रिलला मुद्रित झालेल्या दुसऱ्या बाजूला ही अडचण नाही.

आता लिहायचं कुठे काय? नागपूर-अमरावतीकडच्या मित्रांना 'ऐकून राहिलो' खुशाल लिहा. साऱ्या महाराष्ट्रासाठी छापायच्या परीक्षणात 'ऐकतोय' बरं, कारण तिथला वाचक 'ऐकून' वाचताच पुढच्या क्रियेची वाट पाहू लागतो.