इंग्लंडात राहतो, जुनी माझदा एमएक्स-५ (दोन सीटांची, कापडी छपराची स्पोर्ट्स कार) घेतली आहे. आधी इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो बसवू की नवं सस्पेन्शन?

दोन्ही राहू द्या, आधी गंज बघा. तुम्ही इंग्लंडात आहात; तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि १९८९ ते १९९७ मधल्या या पहिल्या पिढीच्या गाड्यांचा खरा शत्रू तोच. कापडी छपराचं पाणी सीटांमागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली उतरतं. पालापाचोळा अडकला की ते आत तुंबतं आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून कुजतो. वरून रंग चकचकीत, बोटाने दाबलं की कुरकुर! नळीत मगभर पाणी ओता. गाडीखाली लगेच धार लागली पाहिजे.

मग टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडमिट करवणारा पट्टा. बदलल्याची पावती नसेल तर बदलाच, सोबत वॉटर पंपही, नाहीतर तेवढंच सगळं पुन्हा उघडावं लागेल. (१.६ लिटरच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं.)

नंतर सस्पेन्शनच्या सांध्यांतले कडक झालेले रबरी बुश बदला, चांगले टायर घाला, चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. गाडी टनभरही नाही, त्यामुळे एवढ्यानेच वळणावर फरक जाणवतो. टर्बो बसवायचा तर क्लच, रेडिएटर, इंधनाचं ट्यूनिंग, सगळ्यालाच हात घालावा लागतो, शिवाय विमा कंपनीला कळवायचं. पहिलं वर्ष तरी मी त्या फंदात पडलो नसतो.