जहाज धक्क्याला, कुटुंब किनाऱ्यावर

वाचकांचे प्रश्न : कॅरिबियन क्रूझमधील स्वतंत्र सहली

प्रश्न : येत्या जुलैमध्ये आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघे, अकरा आणि सहा वर्षांची दोन मुले आणि माझ्या बहात्तर वर्षांच्या सासूबाई, फ्लोरिडाहून निघणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझला जाणार आहोत. वाटेत जहाज कंपनीचे खासगी बेट, जमैकातील फाल्मथ, ग्रँड केमन आणि मेक्सिकोतील कोझुमेल असे चार थांबे आहेत. जहाजावरून मिळणाऱ्या सहलींचे दर माणशी असल्यामुळे आमचा हिशेब फुगत चालला आहे, आणि त्याच ठिकाणांच्या सहली स्थानिक लोकांकडे बऱ्याच कमी पैशांत मिळताना दिसतात. त्या घ्याव्यात का? परतायला उशीर होऊन जहाज निघून गेले तर काय होते?

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. जहाज कंपनीने विकलेल्या सहलीला परतायला उशीर झाला, तर जहाज तिच्यासाठी थांबते, आणि थांबणे अगदीच अशक्य असेल तर त्या प्रवाशांना पुढच्या बंदरात पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतःच्या व्यवस्थेने गेलेल्या कुटुंबासाठी मात्र जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंतची विमानाची तिकिटे, मधल्या रात्रीचे हॉटेल आणि ऐन वेळची धावपळ हे सगळे आपल्याच अंगावर येते. जहाजाच्या सहलीला आपण जे चार पैसे जास्त मोजतो, ते बऱ्याच अंशी या हमीचे असतात असे मी धरून चालतो.

म्हणून दर पाहण्याआधी मी एकच गोष्ट पाहतो : आपण आणि जहाज यांच्यामध्ये काय आहे. मध्ये दहा मिनिटांचा रस्ता आणि भरपूर टॅक्सी असतील, तर बेलाशक स्वतंत्र जावे. तासाभराचा एकच रस्ता असेल, तर वेळेचा हिशेब कागदावर मांडून मगच ठरवावे. मध्ये समुद्र असेल, तर जहाजाचीच सहल घ्यावी आणि पैशांची हळहळ करू नये.

खासगी बेटावर ठरवण्यासारखे काही नसते. सगळे बेट कंपनीच्याच हाती असल्यामुळे बाहेरचा कोणी तेथे सहल विकू शकत नाही. मुलांना वाळूत खेळू द्यावे, सासूबाईंसाठी सावलीतली खुर्ची लवकर जाऊन धरावी.

फाल्मथच्या बाबतीत मात्र नीट पाहा. जमैकाच्या सहलींच्या जाहिरातींत डन्स रिव्हरच्या धबधब्याचे छायाचित्र हटकून असते. पण हा धबधबा ओचो रिओस या जमैकातील दुसऱ्या बंदराजवळ आहे. जहाज ओचो रिओसला लागले तर तो दहा-पंधरा मिनिटांवर असतो, आणि फाल्मथला लागले तर किनाऱ्यालगतच्या रस्त्याने जायला तासाहून अधिक आणि यायला तेवढाच वेळ लागतो. त्या रस्त्यावर एखादा ट्रक बंद पडला, की सगळा हिशेब कोलमडतो. शिवाय सासूबाईंचा विचार करा. हा धबधबा सुमारे १८० मीटर लांबीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खडकांवरून उतरतो आणि लोक एकमेकांचे हात धरून, वाहत्या पाण्यातून तो चढतात. बाजूने कोरडा जिना आहे, तेथून नातवंडांकडे पाहता येते. पण एवढा प्रवास करून जिन्यावर उभे राहण्यात त्यांना काय गोडी वाटणार?

त्याऐवजी फाल्मथपासून अगदी जवळ असलेली मार्था ब्रे नदी मी सुचवेन. तेथे बांबूच्या लांबट तराफ्यावर बसून साधारण तीन मैल, संथ हिरव्या पाण्यातून खाली उतरता येते. तराफ्याच्या मागच्या भागात दोघांपुरते एक बाक असते आणि पुढे उभा राहिलेला नावाडी लांब काठीने तळ चाचपत तराफा हाकतो. एका तराफ्यावर दोन मोठी माणसे आणि फार तर एखादे लहान मूल बसते, त्यामुळे आपल्याला दोन किंवा तीन तराफे लागतील, हे भाव ठरवतानाच स्पष्ट करून घ्यावे. चढ-उतार फक्त काठावरच्या पायऱ्यांपुरता. जमैकात परवाना असलेल्या प्रवासी वाहनाची नंबरप्लेट लाल असते. पांढऱ्या प्लेटची गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी मुलांना घेऊन तीत बसू नये.

ग्रँड केमनला क्रूझच्या मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज जॉर्जटाउनसमोर समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना टेंडर म्हणजे लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या सहलीवाल्यांना या बोटींत सहसा आधी बसवले जाते आणि बाकीच्यांना क्रमांक घेऊन वाट पाहावी लागते. त्यामुळे बाहेरची सहल ठरवताना तिची सुरुवात जहाज पोहोचल्यानंतर किमान दीड-दोन तासांनी असावी. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर हेही ध्यानात ठेवा, की लाटांवर हलणाऱ्या बोटीत पाऊल टाकताना खलाशी हात देतात, पण पाऊल ज्याचे त्यालाच टाकावे लागते.

एवढे सांभाळले, तर स्वतंत्र सहलीसाठी या चार थांब्यांपैकी मला केमनच सर्वांत योग्य वाटते. नॉर्थ साउंड या खाडीतल्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर पाकट (स्टिंगरे) मासे माणसांच्या अंगाखांद्याला घासत फिरतात. मासेमारी करून परतलेले कोळी तेथे मासे साफ करून टाकाऊ भाग पाण्यात फेकत, त्यामुळे पाकटांना माणसांची सवय लागली, असे सांगतात. स्थानिक लोक लहान बोटींतून मोजक्याच माणसांना नेतात, आणि मुलांसाठी हा फरक मोठा आहे. पाणी मोठ्या माणसाच्या कमरेपासून छातीपर्यंत असते, म्हणजेच आपल्या सहा वर्षांच्या मुलाचे पाय टेकणार नाहीत. त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट बोटीवर आहे का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारावे. ‘आहे, आहे’ या तोंडी उत्तरावर विसंबू नये. पाण्यात पाय उचलून टाकू नयेत, वाळूवरून घासत सरकावेत, म्हणजे तळाशी पडलेल्या पाकटावर पाय पडत नाही आणि त्याच्या शेपटीतल्या काट्याचा प्रश्न येत नाही. पाकटाला छायाचित्रासाठी पाण्याबाहेर उचलण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. सासूबाईंना पाण्यात उतरायचे नसेल, तर त्या बोटीवर बसू शकतात, किंवा आपल्यापैकी एकाने त्यांना सेव्हन माइल बीचवर न्यावे. टॅक्सीने ते काही मिनिटांवर आहे.

केमनमध्ये अमेरिकन डॉलर चालतात, पण फलकावरचा भाव बहुधा केमन डॉलरमध्ये असतो. एक केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन डॉलर, आणि दुकानांत तो साधारण १.२५ धरतात. आठ डॉलरचे आइस्क्रीम दहा डॉलरला पडले, म्हणून फसवणूक झाली असे समजू नये.

कोझुमेलमध्ये मोहात पाडतात ते तुलुमचे माया अवशेष. कोझुमेल हे बेट आहे आणि तुलुम मुख्य भूमीवर आहे. फेरीबोटीने प्लाया देल कार्मेनला जायला पाऊण तास, तेथून मोटारीने आणखी सुमारे तास, आणि परतताना तेच उलट्या क्रमाने. फेरी चुकली किंवा समुद्र खवळला म्हणून बंद राहिली, तर आपण किनाऱ्यावर उभे राहून आपलेच जहाज पाहत बसणार. मुलांना तुलुम दाखवायचेच असेल, तर पाच जणांचे पैसे जहाज कंपनीला द्यावेत. नाहीतर कोझुमेल बेटावरच सान हेर्वासिओ येथे माया अवशेष आहेत. ते भव्य नाहीत. पण इश्चेल देवीच्या दर्शनासाठी माया स्त्रिया समुद्र ओलांडून तेथे येत, ही गोष्ट सासूबाईंना तुलुमच्या भिंतींपेक्षा अधिक जवळची वाटेल, असा माझा कयास आहे. समुद्रस्नान बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर करावे. पूर्वेचा किनारा सुंदर आणि मोकळा आहे, पण तेथील पाण्याची ओढ जोराची असते, लहान मुलांना तेथे पाण्यात सोडू नये. कोझुमेलला क्रूझचे तीन वेगवेगळे धक्के आहेत, तेव्हा आपले जहाज कोणत्या धक्क्याला लागणार हे सहलीच्या चालकाला आधी कळवावे.

आता घड्याळाविषयी, आणि हा भाग कृपया दोनदा वाचावा. उन्हाळ्यात फ्लोरिडातील घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. जमैका, केमन आणि कोझुमेल ज्या राज्यात आहे ते किंताना रो येथे घड्याळे बदलत नाहीत. हिवाळ्यात सगळीकडे एकच वेळ असते, पण आपण जुलैमध्ये जात आहात, म्हणजे ही तिन्ही बंदरे फ्लोरिडाच्या एक तास मागे असतील. काही जहाजे प्रत्येक बंदराप्रमाणे वेळ बदलतात, तर अनेक जहाजे निघाल्या ठिकाणचीच वेळ ठेवतात. आपला फोन मात्र किनाऱ्यावर उतरताच स्थानिक वेळ दाखवू लागतो. मी स्वतः एका जूनमध्ये जॉर्जटाउनच्या बाकावर मुलासह निवांत बसलो होतो. फोनमध्ये दोन वाजून वीस मिनिटे झाली होती आणि शेवटची टेंडर बोट साडेतीनची होती. पत्नीने काही न बोलता आपले मनगट माझ्यापुढे धरले. तिचे साधे काट्याचे घड्याळ जहाजाच्या वेळेवर होते आणि त्यात तीन वीस झाले होते. मुलाचे आइस्क्रीम त्या बाकावरच राहिले. फोनमधील वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद करावी, आणि चालकाशी बोलताना ‘जहाजाची वेळ की इथली?’ हे दर वेळी विचारावे.

जहाजावर परतण्याची अंतिम वेळ ही सुटण्याच्या वेळेच्या साधारण अर्धा तास आधीची असते, कधी त्याहूनही आधीची. आपण आपली वेळ त्याच्याही दीड तास आधीची ठरवावी. त्या दिवसाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेवर जहाजाच्या बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असतो, तो कागद खिशात ठेवावा. जहाजाचे कार्ड, मोठ्यांचे छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र आणि सर्वांच्या पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती सोबत असाव्यात. जहाजावरची फळे आणि सँडविच खाली नेऊ नयेत. शेतीविषयक नियमांमुळे ती बंदरावर काढून घेतली जातात. बंद पुड्यातली बिस्किटे सहसा चालतात.

प्रश्न : आमची दोन वर्षांची मुलगी आहे. डिसेंबरमध्ये जहाज सेंट थॉमसला थांबणार आहे. टॅक्सीत लहान मुलांची सीट मिळते का? आणि पूर्ण टॅक्सी घेतल्यास पैसे वाचतात का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच आहे. सेंट थॉमस ज्यांत येते त्या यू. एस. व्हर्जिन आयलंड्समध्ये टॅक्सीचे दर सरकारने ठरवलेले असून ते माणशी असतात, त्यामुळे ‘गाडी एक, माणसे चार’ हा हिशेब तेथे लागू पडत नाही. अनेक टॅक्सी म्हणजे बाजूंनी उघड्या, बाकांच्या ‘सफारी’ गाड्या असतात. मोठ्यांना त्यांत मजा येते, पण मुलाची सीट बांधायला त्यांत सोय नसते. मॅगेन्स बेचा किनारा उथळ, शांत आणि आपल्या मुलीसाठी उत्तम आहे, मात्र तेथे जाणारा रस्ता डोंगरावरून वळणे घेत जातो. म्हणून बंद व्हॅन आधीच ठरवावी आणि सीट घरून न्यावी. तेथे ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रायलीन असलेल्या सनस्क्रीनवर २०२० पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन घेऊन जावे. डिसेंबरमध्ये तेथील वेळ फ्लोरिडाच्या एक तास पुढे असते, म्हणजे जहाज फ्लोरिडाचीच वेळ ठेवत असेल आणि आपण फोनमधील स्थानिक वेळेवर चाललात, तर तासभर लवकर पोहोचाल.

प्रश्न : बार्बाडोसला मुलांनी लष्करी छापाचे कपडे घालू नयेत, असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. बार्बाडोस, सेंट लुशिया, जमैका आणि आणखी काही बेटांवर असे कपडे सामान्य नागरिकांनी वापरणे हा गुन्हा आहे, आणि बार्बाडोसमध्ये लहान मुलेही त्याला अपवाद नाहीत. टोपी आणि पाठीवरची पिशवीही तपासून घ्यावी, कारण ती हमखास विसरते.

प्रश्न : गेल्या वर्षी वाऱ्यामुळे आमचे जहाज ग्रँड केमनला थांबलेच नाही. बाहेरून घेतलेल्या सहलीचे आगाऊ पैसे चालकाने परत केले नाहीत. पुढच्या वेळी काय करावे?

उत्तर : जहाजाने बंदर वगळले, की त्याच्या स्वतःच्या सहलींचे पैसे आपोआप परत मिळतात. बाहेरच्या सहलीत ते चालकाच्या अटींवर अवलंबून असते, आणि ‘२४ तास आधी रद्द केल्यास पूर्ण परतावा’ ही अट येथे कुचकामी ठरते, कारण बंदर वगळल्याचे आपल्याला त्याच सकाळी कळते. ‘जहाज बंदरात न आल्यास पूर्ण परतावा’ असे स्पष्ट शब्द असतील तरच पैसे भरावेत. शक्यतो थोडी अनामत भरून उरलेले पैसे प्रत्यक्ष पोहोचल्यावर देण्याची सोय असलेला चालक निवडावा. टेंडर बोटींच्या बंदरांत आणि १ जून ते ३० नोव्हेंबर या चक्रीवादळांच्या हंगामात तर ही अट सोडूच नये. परतावा कार्डावर जमा होतो की पुढच्या सहलीचे कूपन मिळते, हेही त्याच ओळीत शोधावे. केमनचे कूपन घेऊन आपण घरी करणार तरी काय!