कन्व्हर्टर नंतर बघू, आधी मार्चचा हप्ता

प्रश्न: वय 36, राहणार मनीषनगर, नागपूर. मिहानमध्ये नोकरी, हातात 1.65 लाख पगार. वर्षभरापूर्वी 2017 ची फोर्ड मस्टँग जीटी सेकंडहँड घेतली, त्यासाठी 24 लाखांचं कर्ज काढलं (12 टक्के, पाच वर्षं). इंजिन मूळचंच आहे, फक्त एअर इनटेक आणि ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) केलंय. आता 3,200 आरपीएमचा हाय-स्टॉल टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणारा भाग) टाकायचाय, कोटेशन 3.2 लाखांचं आलंय. 14 टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन घेऊ, की बँकेतून घेतलेल्या गॅरंटीड पॉलिसीवर कर्ज काढू? पॉलिसी मार्च 2024 ची. हप्ता वर्षाला 2.4 लाख, दोन भरले, तिसरा येत्या मार्चमध्ये. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 46 लाख करमुक्त, विमा 24 लाखांचा. दुसरा विमा नाही. बायको घर सांभाळते, मुलगी चार वर्षांची. बचत खात्यात साठेक हजार आहेत. कन्व्हर्टरमुळे रीसेलही वाढेल, असं गॅरेजवाल्याचं म्हणणं.

उत्तर: दोन्हींपैकी एकही कर्ज काढू नका. पर्सनल लोनचा हप्ता 10,900 च्या आसपास येईल आणि 3.2 लाखांचे जवळपास 3.95 लाख फेडाल. पॉलिसीवर कर्ज मिळतं ते सरेंडर व्हॅल्यूच्या, म्हणजे मुदतीआधी मोडली तर हाती येणाऱ्या रकमेच्या हिशोबाने. तुमची ती आज जेमतेम दीड लाख असेल, म्हणजे त्यात अर्धा कन्व्हर्टरही येणार नाही.

आधी गाडीचं बोलू. ब्रेकवर गाडी जागेवर धरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन जितक्या आरपीएमला जाऊन अडकतं, तो ढोबळमानाने स्टॉल. मोठे कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) टाकून कमी आरपीएमवरचा टॉर्क गेलेल्या इंजिनाला जास्त स्टॉल लागतो, कारण त्याची ताकद वरच सुरू होते. तुमचे कॅम मूळचे आहेत, पाच लिटरच्या व्ही-8 ला खालीही भरपूर टॉर्क आहे. 3,200 चा फायदा मिळालाच तर सुटतानाच्या पहिल्या काही मीटरमध्ये, आणि रस्त्याच्या टायरवर तोही मागची चाकं फिरवण्यात जाईल. शिवाय तो आकडा पक्का नसतो. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे लावला की स्टॉल वर सरकतो.

खरी अडचण उष्णतेची. समृद्धीवर 120 ने जाताना सहाव्या गिअरमध्ये इंजिन दोन-सव्वादोन हजारावर असतं. तिथे लॉक-अप क्लच (कन्व्हर्टर घसरू न देता इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडणारा) बसलेला असला तर प्रश्न नाही. पण मे महिन्यात, 45 अंशात, व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर आणि पुढच्या रांगत्या गर्दीत लॉक-अप सुटलेलाच असतो. कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ती सगळी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात उतरते. तेल जळालं की क्लच प्लेटा जातात. म्हणून वेगळा ऑइल कूलर हवा, मर्कॉन एलव्ही तेल हवं (रिकाम्या गिअरबॉक्सला साधारण बारा लिटर) आणि लॉक-अप व शिफ्टचं ट्यून नव्याने हवं. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये यातलं काहीच नाही. हे धरलं तर खर्च साडेचार लाखांकडे जातो. बसवतानाही कन्व्हर्टरचा हब गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसलाय ना, हे फ्लेक्सप्लेटशी (इंजिनाच्या मागची, कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात ती चकती) राहिलेली फट मोजून बघावं लागतं. फट नसताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाकडे ओढून घेतला तर पंप फुटतो. गॅरेजवाल्याला ही फट किती ठेवणार ते विचारा. उत्तर आलं नाही तर गाडी तिथे सोडू नका.

रीसेलचं विसरा. एवढ्या किमतीची जुनी मस्टँग घेणारा माणूस गिअरबॉक्स उघडलेला नाही ना, हे आधी विचारतो. आणि काहीही बदलणार असाल तर मोटार विमा कंपनीला आधी लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद ठरलेला.

आता जे तुम्ही विचारलंच नाही. तुमच्या पत्रातला सगळ्यात महागडा पार्ट ती पॉलिसी आहे.

24 लाख भरून 46 लाख ऐकायला दुप्पट वाटतात, पण मध्ये वीस वर्षं आहेत. परतावा निघतो सव्वाचार टक्के. पीपीएफमध्ये वर्षाला 1.5 लाख दहा वर्षं भरले, पुढे खातं चालू ठेवण्यापुरते पाचशे टाकले, पंधराव्या वर्षी पाच वर्षांची मुदतवाढ घेतली आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर विसाव्या वर्षी 44 लाख होतात. तेही करमुक्त. म्हणजे शेवटी दोनच लाख कमी मिळाले असते, पण भरायचे नऊ लाख वाचले असते. बँकेतल्या ज्या माणसाने मार्चअखेर ही पॉलिसी गळ्यात मारली, त्याने हा हिशोब मुद्दाम टाळला असेल किंवा त्याला येत नसेल. तुमच्यासाठी दोन्ही सारखंच.

त्याहून वाईट म्हणजे तिच्यातला विमा. गाडीच्या कर्जाचे आज 20 लाखांच्या वर बाकी आहेत. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर 24 लाख येतील, बँक आपले 20 घेईल आणि बायको-मुलीच्या हाती चारही राहणार नाहीत. धूम्रपान करत नसाल तर दीड कोटीचा टर्म इन्शुरन्स साठीपर्यंत वर्षाला 20 ते 25 हजारांच्या घरात मिळतो. तो या आठवड्यात अर्ज करून घ्या. प्रकृतीची माहिती खरी भरा, आणि पॉलिसी हातात येईपर्यंत जुनीला हात लावू नका.

मग जुनीचं काय करायचं? विमा कंपनीकडून ईमेलवर दोन आकडे मागवा: आज सरेंडर केली तर किती, आणि पुढचे हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर विसाव्या वर्षी किती. सरेंडरला किमान 30 टक्के, म्हणजे 4.8 लाखांचे 1.44 लाख येतील. हे पैसे 7.1 टक्क्यांनी उरलेली अठरा वर्षं वाढले तर पाच लाखांच्या आसपास होतात. पेड-अपचा आकडा पाच लाखांच्या वर असेल तर पेड-अप ठेवा, खाली असेल तर सरेंडर करा. बऱ्याच पॉलिसींत पेड-अपची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात असते. तसं असेल तर तुम्हाला नऊ लाखांच्या आसपास मिळतील आणि सरेंडर करणं वेडेपणा ठरेल. फोनवर सांगितलेला आकडा धरू नका. ‘आता सोडली तर नुकसान’ असं कोणी म्हणालं तर 3.36 लाखांचं नुकसान आधीच झालंय. पुढचे 19.2 लाख भरून ते भरून निघत नाही. आजच्या सरेंडरचे पैसेही त्यात धरून पुढच्या हप्त्यांवर सुटणारा दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे पीपीएफपेक्षा कमीच.

हप्ता थांबला की महिन्याला 20,000 मोकळे होतात. त्यातले दोन हजार टर्मला. उरलेल्या 18,000 मध्ये, पर्सनल लोनचा हप्ता भरू शकता असं तुम्हीच म्हणताय म्हणून, ते 11,000 मिळवा आणि अडीनडीला लगेच काढता येतील असे लिक्विड फंडात किंवा स्वीप एफडीत टाका. दीड वर्षात पाच लाख होतात. 53,000 चा गाडीचा हप्ता असताना बचतीत फक्त साठ हजार ठेवून घर चालवणं म्हणजे पगार एक महिना उशिरा झाला की क्रेडिट कार्ड.

पाच लाख झाल्यावर कन्व्हर्टर हवाच असेल तर त्याच रकमेतून नको, पुढच्या बचतीतून रोखीने घ्या. मूळ स्टॉलपेक्षा चार-पाचशे आरपीएम वरचा, लॉक-अप कायम ठेवणारा घ्या. आणि ऑर्डर देताना बनवणाऱ्याला गाडीचं वजन, टायरचा साइज, डिफरन्शियलचा रेशो आणि ट्यूननंतरचा टॉर्क, हे चारही कळवा.